चौथी पट्टी

आमच्या घरात जिवंत माणसाचा फोटो भिंतीला लावत नसत. असा नियम कोणी बोलून दाखवला नव्हता, पण गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या वस्तीत तो सगळ्यांनाच ठाऊक होता. समोरच्या भिंतीवर मधोमध बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मेणबत्ती आणि अगरबत्ती लावायची फळी आणि उजव्या हाताला बाबांचा फोटो. बाबा राईस मिलमध्ये हमाल होते. ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो फोटो भिंतीवर चढला, तो तिथेच राहिला. आम्हा जिवंत माणसांचे फोटो मायच्या पत्र्याच्या पेटीत, तिच्या लग्नाच्या लुगड्याखाली असत. त्यांना डांबरगोळीचा वास येई. कधी पेटी उघडली की माय ते बाहेर काढी, पदराने पुसून पुन्हा आत ठेवी आणि म्हणे, "पेटीत हायेत तवरिक बरे हायेत."

माय बिड्या वळायची. सकाळी पेज पिऊन ती दाराशी मांडीवर सूप घेऊन बसे आणि दिवसभर घरात कातरीचा आवाज चाले. भिजवलेल्या तेंदूपानांचा ओला, कडवट वास आमच्या कपड्यांना, पांघरुणांना, भातालाही लागलेला असे. जेवणात बहुतेक लाखोरीची डाळ, आणि बाजाराच्या दिवशी वांग्यात घातलेले सुके झिंगे. झिंगे भाजले की माय आपोआप म्हणायची, "प्रकाशले लय आवडते." मग कढईत पाणी ओतायची. प्रकाश म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणायचो. ट्रकवर क्लीनर म्हणून तो हायवेवरच्या कोहमाऱ्याहून गेला, तो परत आला नव्हता. सुरुवातीला शेजारच्या एसटीडीवर दोनदा फोन आला. मग काहीच नाही.

मी तेव्हा गोंदियाच्या बाजारात महेशभैयांच्या दुकानात फ्रेम बनवायचो. लाकडी फ्रेमचे दिवस सरत आले होते आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नागपूरहून यायला लागल्या होत्या. सोनेरी, चंदेरी आणि काळ्या. पट्टी मशीनवर तिरपी कापायची, कापलेल्या तोंडावर कानस फिरवून कच काढायची, मागच्या खाचेत एल आकाराची पत्ती सरकवून स्क्रू आवळायचे. काम ऐकायला सोपं वाटतं. पण एक स्क्रू आधीच पुरता आवळला की दुसरा कोपरा तोंड उघडतो, म्हणून सगळे स्क्रू थोडे थोडे, पाळीपाळीने आवळावे लागतात. तीन पट्ट्या आधी जोडायच्या. चौथी मोकळी ठेवायची. त्या मोकळ्या बाजूने काच, फोटो आणि मागचा पुठ्ठा आत सरकवायचा, काचेखाली केस किंवा धूळ राहिली का ते उजेडात धरून पाहायचं आणि मगच चौथी पट्टी लावून फ्रेम बंद करायची. महेशभैया तयार फ्रेम हातात घेत आणि अंगठ्याचं नख कोपऱ्यावरून फिरवीत. नख अडकलं तर फ्रेम परत. "खोल इसको. कोना बोल रहा है," एवढंच म्हणत. नख सरळ गेलं तर काही बोलत नसत, नुसता गुटख्याचा तोबरा गालात फिरवीत. माझ्या फ्रेमवर त्यांचं नख महिनोन्‌महिने अडकत राहिलं. माझे हातच थाऱ्यावर नसत.

हात थाऱ्यावर नव्हते कारण मीच थाऱ्यावर नव्हतो. दुकानामागून रेल्वेची लाईन जात होती. गाडी गेली की पत्र्याचं छप्पर थरथरे, आणि मी हातातली पट्टी ठेवून मागच्या दाराशी जाई. महेशभैयांच्या ओळखीचा एक ठेकेदार नागपुरात ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची कामं घ्यायचा. त्याला हात लागत होते. "जा न बे, यहाँ कब तक फोटो को चौखट लगाते बैठेगा?" भैया म्हणायचे. मी घरी येऊन मायला विचारायचो. माय सुपातली पानं उलटीपालटी करत म्हणायची, "दादा येऊ दे. मंग जाजो."

"तो कधी येणार?"

"मले सांगून गेला का तो?"

बोलणं रोज इथेच संपे. मी जेवताना पाय हलवायचो, निजल्यावर पाय हलवायचो. माय म्हणायची, "काऊन रे, मुंग्या चावून रायल्या का तुले?" आज मी पन्नाशीकडे झुकलो आहे आणि माझा पाय अजून हलतो. बायको त्यावर हात ठेवते तेव्हा कळतं.

एका सुटीच्या दिवशी मी कोहमाऱ्याला गेलो. दादाचा एक पासपोर्ट आकाराचा फोटो पेटीत होता, लायसन्स काढायचं म्हणून काढलेला. तेलाने चापून बसवलेला भांग, बाहेर आलेले कान आणि हसू दाबून धरलेले ओठ. तो फोटो घेऊन मी हायवेवरच्या ढाब्यांवर फिरलो. ट्रकवाले जेवता जेवता बघत आणि मान हलवत. नाक्याजवळच्या ढाब्याचे मालक म्हातारे होते. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. "अरे बाबू, इतक्याशा फोटोत तं माजा बापबी मले ओरखू येनार नाई. मोठा करून आन. गल्ल्यापाशी लावून देतो. रोज शंभर ड्रायव्हर थुकून जातेत इथं, कोनी ना कोनी पायलच."

मी घरी येऊन मायला म्हाताऱ्याचं बोलणं सांगितलं आणि गोंदियाच्या स्टुडिओत तो फोटो मोठा करायला टाकला. हे मी केलं, हे खरं आहे, आणि एवढंच करून थांबलो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. फोटो मोठा होऊन आला. दादाचं तोंड वहीच्या पानाएवढं झालं होतं. येत्या सुटीला कोहमाऱ्याला नेऊ म्हणून मी तो दुकानात गठ्ठ्याखाली सपाट ठेवला. सुटी आली, गेली. दुसरी आली. त्या दिवसांत ठेकेदाराचा निरोप आला की येणार असशील तर दिवाळीनंतर ये, नाहीतर दुसरा बघतो. त्यानंतर एका दुपारी भैया जेवायला गेले असताना मी चंदेरी पट्टीचा एक तुकडा मशीनवर घेतला. का घेतला, ते तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही.

इतकी नीट फ्रेम मी आयुष्यात त्याआधी केली नव्हती. काच मिठाच्या पाण्याने पुसली, मग कोरडी. कच काढताना कानस नेहमी माझ्या हातात घसरे, त्या दिवशी घसरली नाही. स्क्रू पाळीपाळीने आवळले. फोटो आत सरकवला, फ्रेम दाराशी उजेडात धरली, काचेखाली एक बारीक केस दिसला, म्हणून चौथी पट्टी पुन्हा सोडवली, केस काढला, पुन्हा लावली. माझे हात शांत होते. भैया जेवून आले, त्यांनी फ्रेम उचलली आणि चारी कोपऱ्यांवर नख फिरवलं. नख कुठेही अडकलं नाही. "कौन है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दादा." ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण गिऱ्हाईक आलं.

माय वळलेल्या बिड्या कारखान्यात द्यायला गेली होती. मी घरी येऊन बाबांच्या फोटोशेजारी खिळा ठोकला आणि फ्रेम टांगली. दोन्ही फोटो एका रेषेत यावेत म्हणून मागे सरून पाहिलं. मायला बरं वाटेल, पोरगा रोज डोळ्यासमोर राहील, असं मी मनाशी म्हणत होतो. माणूस स्वतःशीच खोटं बोलतो तेव्हा फार सरळ वाक्यं वापरतो.

तेवढ्यात कामठ्याची आत्या आली. बाबांची ही थोरली बहीण. पिशवीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा, कपाळावर घाम. "का रे लहानू, माय कुठं गेली?" असं म्हणत आत आली, पाणी मागितलं आणि बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. हातातली पिशवी सुटली. शेंगा जमिनीवर पसरल्या आणि त्यांच्यातच ती मटकन खाली बसली.

"प्रकाश गेला वो मायबाई! माजा वाघ गेला! मले सांगतलं नाई वो कोनी!"

"आत्या, काही झालं नाही. ऐक तर."

"मातीलेबी बोलावलं नाई रे मले! मी का परकी होती का?"

मी तिचे खांदे धरले, पण ती ऐकण्यापलीकडे गेली होती. रडणं ऐकून शेजारच्या बाया आल्या. आमच्याकडे आधी रडण्यात सामील व्हायचं आणि कोण गेलं ते मागाहून विचारायचं अशी रीत आहे. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावले. कोणीतरी विहारात सांगायला पोरगं धाडलं. कोणी चुलीवरचा भात उतरवून ठेवला, कारण अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. कोणी फळीवरची मेणबत्ती लावली. मी मध्ये उभा होतो. माझ्या तोंडून "तो जिवंत आहे" हे वाक्य निघत होतं, पण ते इतकं हळू निघत होतं की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य खरं आहे की नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं?

माय गल्लीच्या तोंडाशी दिसली. डोक्यावर रिकामं सूप. घरासमोर माणसं पाहून ती आधी चालायची थांबली, मग भराभर यायला लागली. आत्याचं रडणं गल्लीत ऐकू येत होतं, आणि त्यात दादाचं नाव होतं. गल्लीच्या तोंडापासून आमच्या उंबऱ्यापर्यंतचं ते अंतर, बारकी पोरं एका श्वासात पळतात तेवढं. तेवढ्या वेळात माझ्या मायचा मुलगा मेला होता. हे मी केलं. बाकी आयुष्यात जे काही बरंवाईट केलं, ते सगळं मी याच्यानंतर मोजतो.

ती आत आली. रडली नाही. सूप भिंतीला टेकवून ठेवलं, आणि विचारलं, "कोनी सांगतलं?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. रडणं आवरत आवरत थांबलं. "कोनी खबर आनली?" मायने पुन्हा विचारलं. एकीने भिंतीकडे बोट केलं. माय भिंतीकडे वळली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग माझ्याकडे.

"लहानू, तुले कोनी सांगतलं?"

"कोणीच नाही, माय. मी फक्त फोटो लावला."

मग आत्या उठली, डोळे पुसले आणि शेंगांवरून चालत येऊन माझ्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. "जित्या मानसाले फ्रेमात घालते का रे, बैताडा! आन् मी कामठ्याहून येऊन इथं छाती बडवून रायली!" कोणीतरी फसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. "चला, प्रकाशचं आयुष्य वाढलं," एक म्हातारी म्हणाली. "खोटी खबर लाभते मानसाले." उतरवलेला भात पुन्हा चुलीवर चढला. काळा चहा झाला, सगळ्यांनी तिथेच बसून पोपटाच्या शेंगा सोलल्या आणि पुन्हा पुन्हा तोच प्रसंग सांगून हसल्या. विहारातून दोन माणसं आली, तीही चहा पिऊन गेली. माय हसली नाही आणि चिडलीही नाही. ती कातर घेऊन पानं कापायला बसली, आणि तिचा हात त्या दिवशी फार सावकाश चालत होता.

सगळे गेल्यावर ती भिंतीजवळ गेली. मी दुकानातल्या गमती घरी सांगायचो, त्यामुळे भैयांची परीक्षा तिला माहीत होती. तिने फ्रेमच्या एका कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग दुसऱ्या.

"लय नेटका केला," ती म्हणाली.

मी जमिनीवरची शेंगांची टरफलं गोळा करू लागलो.

"घाईत केला असता तं म्या मनलं असतं, पोरगं चुकलं." नख अजून कोपऱ्यावरच होतं. "तुले जायचं हाये ना नागपूरले? तं जा. त्याच्यासाठी त्याले कायले मारतं?"

मी तिच्या पायाशी बसलो. ती बाजूला सरली नाही आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. मग म्हणाली, "फोटो काढ. आरसा लाव त्याच्यात. येईल तवा भांग पाडाले होईल त्याले."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून मापाचा आरसा कापून आणला. माय दाराशी पाठमोरी बसून पानं कापत होती. मी चौथी पट्टी सोडवली आणि काच काढली. फोटो हातात आला. तो कुठे ठेवावा ते मला कळेना. पेटी उघडली असती तर कडीचा आवाज तिला ऐकू गेला असता. कोहमाऱ्याला न्यावा, हे त्या क्षणी मला सुचलंसुद्धा नाही, इतका मी फक्त स्वतःपुरता उरलो होतो. मी तो आरशाच्या मागे, पुठ्ठ्याच्या पुढे सरकवला आणि फ्रेम बंद केली. आरसा पाण्याच्या घागरीवर, दारालगतच्या भिंतीला टांगला. पंधरवड्यात मी नागपूरला गेलो. स्टेशनवर माय आली होती. डब्यात भात आणि वांगं-झिंगे दिले होते. गाडी हलली तेव्हा पाय हलत नव्हता, आणि तेवढ्यानेच मला भीती वाटली.

नागपुरात मी उंच इमारतींच्या खिडक्या बसवल्या. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येई. आरशात पाहून भांग पाडावा लागे, तेव्हा मी नजर भांगावरच ठेवी. पुढे एकदा ठेकेदाराच्या मोबाईलवर मायचा फोन आला. "दादा आला," ती म्हणाली. रडत होती की हसत होती, ते कळलं नाही. मी पोचलो तेव्हा दादा आरशासमोर उभा राहून दाढी करत होता. कान तसेच, केस विरळ झालेले. पहिल्या वर्षी कमाई झाली नाही म्हणून आलो नाही, तो म्हणाला, आणि मग आलो नाही म्हणून येता येईना. एवढंच. तो परत कसा आला, कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. त्या विषयाला हात घातला की फोटोपर्यंत जावं लागलं असतं. मायनेही कधी काढलं नाही. पुढची सगळी वर्षं दादा तिच्याजवळ राहिला. तिच्या शेवटच्या आजारात तिचं सगळं त्यानेच केलं. मी खिडक्या बसवत होतो.

मायला जाऊन आता काही काळ झाला. मी कुडव्यात परतलो आहे आणि माझं स्वतःचं फ्रेमचं दुकान आहे. मायचा फोटो मीच केला. तो बाबांच्या शेजारी आहे, त्याच जुन्या खिळ्यावर. गेल्या महिन्यात दादा दुकानात आला. काखेत तो आरसा. "याच्यात आता तोंड कमी न् डागच जास्त दिसतेत बे. काच बदलून दे."

मी आरसा टेबलावर पालथा ठेवला. आता सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, "दादा, याच्यामागं एक गोष्ट आहे." आणि स्क्रूला पेचकस लावायला गेलो तर पेचकस बसेना. चौथ्या पट्टीच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा पार खाल्लेल्या होत्या, पट्टीवर ओरखडे होते. पेचकसाचे नव्हते ते. टोकदार, दोन पात्यांचे. तेंदूपानं कापायच्या कातरीचे. मी पक्कडीने स्क्रू काढले, पट्टी सरकवली, पुठ्ठा उचलला. आत फोटो नव्हता.

"काय पायते?" दादा म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. फोटो मोठा केला तो कशासाठी, ठेवला किती दिवस, फ्रेम का केली, आत्या, माय, गल्ली. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्याने खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढला, घोळला, तोंडात टाकला.

"कोहमाऱ्याच्या ढाब्यात होता तो," तो म्हणाला. "गल्ल्याच्या वर. भजी खायला उतरलो न् वर पायलं तं मीच. मले वाटलं, आपन का मर्डर केला का बे? म्हातारा मनला, तुजी माय लावून गेली, सालभर होऊन रायला. दर बाजाराले येऊन पुसून जाते."

मी खाली पाहत होतो. दादा म्हणाला, "आत्यानं सांगतलं होतं मले. आल्या आल्याच. लय हासलो होतो मी." पण तो आता हसत नव्हता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही आणि मीही तशी अपेक्षा केली नाही. तो बाकावर बसून रस्त्याकडे पाहत राहिला.

मी नवा आरसा कापला, पुसला, आत सरकवला. चौथी पट्टी लावताना जुने स्क्रू फेकून नवे घेतले. मग अंगठ्याचं नख फिरवलं. तीन कोपऱ्यांवरून ते सरळ गेलं. चौथ्यावर अडकलं. कातरीने उचकटताना पट्टीचं तोंड तिथे जरासं वाकलं होतं. कानस समोरच पडली होती, दोन हातांत सरळ झालं असतं. दादाने माझ्या हाताकडे पाहिलं.

"राहू दे ना," तो म्हणाला.

मी कानस बाजूला ठेवली आणि आरसा कागदात गुंडाळून त्याच्या हाती दिला.